पोटरी दाबण्याआधी ताप बघा

आषाढाचा पाऊस धरला की शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आवणी सुरू होते. सकाळी वाकलेली बाई दुपारी भाकरीपुरती सरळ होते आणि पुन्हा वाकते ती दिवेलागणीपर्यंत. पाय घोट्याच्या वर चिखलात, डोक्यावर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद, एका हातात रोपांची मूठ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच काम शेजाऱ्याच्या शेतात. चौथ्या रात्री घरात कोणीतरी पालथे पडलेले असते आणि दुसरे कोणीतरी त्याच्या पोटऱ्या चेपत असते.

चेपणे आपल्याला नवे नाही. बाळंतिणीचे अंग रगडणे, म्हाताऱ्या माणसांचे पाय चेपून देणे, वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे तळपाय तेलाने चोळणे, हे सगळे आपल्याच घरचे. गेल्या काही वर्षांत त्याला अ‍ॅक्युप्रेशर हे नवे नाव मिळाले. लाकडी रोलर, काटेरी चेंडू, खड्यांच्या चपला लोकलच्या डब्यात आणि यात्रांमधून विकल्या जातात. तळहाताचा आणि तळपायाचा रंगीत नकाशा मोबाइलवर फिरतो. अमुक बिंदू दाबा, कंबर मोकळी होईल. तमुक दाबा, साखर उतरेल. गोळी नको, सुई नको, पैसे नकोत. दवाखाना गाठायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि वर जीपचे भाडे, अशा पाड्यावर या सांगण्याचे आकर्षण वाटले तर नवल नाही.

या पद्धतीची टिंगल करण्यासाठी हा लेख नाही. काही तक्रारींत तिचा उपयोग होतो आणि तो कसा करून घ्यायचा हे पुढे सांगणार आहे. पण पावसाळ्यात या दोन तालुक्यांत दुखणारी पोटरी नेहमीच थकलेली असते असे नाही. ती चेपण्यात गेलेले दोन दिवस फार महाग पडू शकतात. दाबण्याने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो दाबत बसलेल्या वेळेचा.

दाबल्याने होते काय?

जुन्या चिनी वैद्यकाचे म्हणणे असे, की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ती अडली की आजार होतो आणि वाहिनीवरचा बिंदू टोचला किंवा दाबला की ती मोकळी होते. टोचले तर अ‍ॅक्युपंक्चर, बोटाने दाबले तर अ‍ॅक्युप्रेशर. भारतात ही विद्या आली त्या वाटेवर एक मराठी नाव भेटते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांतले एक. ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू परत आले, पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी कोलकात्यात ते सुरू केले.

शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली या वाहिन्या कोणाला सापडलेल्या नाहीत. तरी दाबल्यावर बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. बोट ठेचले की आपण ते पटकन मुठीत धरतो. स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश नेणारे मज्जातंतू वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूच्या उंबऱ्यावर काही प्रमाणात अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला हा विचार पुढे बराच सुधारला गेला, पण त्याचा गाभा टिकला. शिवाय आखडलेला स्नायू दाबाने सैल होतो, श्वास संथ होतो आणि कोणीतरी आपल्यासाठी वेळ काढला याचाही गुण येतो. हा शेवटचा गुण मी कमी लेखत नाही.

तळपायाच्या नकाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अंगठ्यात मेंदू, टाचेत आतडी, मधल्या खळग्यात मूत्रपिंड असा जो तक्ता भिंतीवर दिसतो तो हजारो वर्षांचा नाही. अमेरिकेतले डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शंभरएक वर्षांपूर्वी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले आणि युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात त्यावरून पायाचा नकाशा तयार केला. 'जिथे दुखेल तो अवयव बिघडलेला' हा त्यातला नियम तर सपशेल फसवा. दिवसभर अनवाणी बांधावरून चालणाऱ्या माणसाचा तळपाय दाबला तर त्याचे यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड एकाच वेळी आजारी निघेल!

उपयोग होतो तिथे

सगळ्यात जास्त अभ्यास झालेला बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूला आहे. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध, दोन कंडरांच्या फटीत जी जागा येते ती ही. मूठ किंचित वळली की कंडरा उठून दिसतात. मळमळीसाठी ही जागा दाबतात. शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या उलट्यांवर तिचा काय परिणाम होतो, याचा २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्यात ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्ण होते. मळमळ आणि उलट्या कमी झाल्या, मात्र पुराव्याचा दर्जा कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष. गाडी लागण्यावर तिचा उपयोग होतो का, याबद्दल निकाल संमिश्र आहेत. तरी माळशेज घाटाच्या वळणांवर एसटीत पोटात ढवळू लागले तर करून पाहायला काय हरकत आहे? अंगठ्याने एक-दोन मिनिटे दाबा, मग दुसरे मनगट, आणि नजर मोबाइलवरून काढून समोरच्या रस्त्यावर ठेवा. खरे म्हणजे नजर समोर ठेवण्याचा फायदा बहुधा जास्तच होईल.

कंबरदुखीत प्रशिक्षित माणसाकडून घेतलेल्या अ‍ॅक्युप्रेशरचा फायदा दिसला आहे. तैवानमध्ये १२९ रुग्णांवर केलेली एक चाचणी २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा अ‍ॅक्युप्रेशर घेतलेल्यांची हालचाल जास्त सुधारली होती. जुनाट कंबरदुखीत स्वतःच्या हाताने दाबण्यावर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात छोटी चाचणी झाली. तिथेही थोडा उतार दिसला. चाचण्या लहान आहेत, पण कंबरदुखीवर आपल्याकडे ज्या सहजतेने वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या जातात त्या पाहता, दाबून भागत असेल तर दाबलेले बरे.

आवणीच्या कंबरेसाठी घरी करता येते ते एवढेच. मणक्यांच्या माळेवर दाब देऊ नका, तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर जे जाड स्नायू आहेत त्यांवर द्या. कोणी दाबायला नसेल तर भिंत आणि पाठ यांमध्ये मुलांचा रबरी चेंडू धरून हळूहळू वरखाली व्हा. टाच दुखत असेल तर बसून पोळपाटाचे लाटणे पायाखाली फिरवा (ते लाटणे नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही, एवढे आधी ठरवून घ्या). उन्हातून आल्यावर किंवा ताणाने डोके जड झाले तर कवटी आणि मान जुळते तिथल्या दोन खळग्यांत अंगठे ठेवून डोके मागे रेलवा. दाब किती? दाबताना हायसे वाटले पाहिजे. श्वास रोखावा लागला, दात आवळावे लागले की दाब जास्त झाला. एका जागी मिनिट-दोन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. काळे-निळे वळ उठले तर तो उपाय नव्हे, मार आहे.

आणि दर अर्ध्या तासाने कंबर सरळ करून बांधावर दोन मिनिटे उभे राहणे, हे कोणत्याही बिंदूपेक्षा मोलाचे. मजुरीने लावणी करणाऱ्या बाईला ते मागता येत नाही, हे मला माहीत आहे. शेतमालकाने द्यावे.

दुखणारी पोटरी

आता मूळ मुद्द्याकडे. अ‍ॅक्युप्रेशरच्या तक्त्यात पोटरीच्या मधोमध, जिथे तिचे दोन मांसल भाग वेगळे होतात, तिथे एक बिंदू दाखवलेला असतो. पायात गोळे येणे, कंबर धरणे यासाठी तो दाबायला सांगतात. आवणीत नेमके हेच दोन्ही दुखते. म्हणून बोट पहिल्यांदा तिथेच जाते.

आणि नेमके हेच दोन्ही लेप्टोस्पायरोसिसमध्येही दुखते.

लेप्टोचे जंतू उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतात. खाचरात तासन् तास उभे राहिलेल्या पायाची कातडी पांढरी, मऊ होते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रोपांच्या मुळांनी आणि दगडांनी बारीक चिरा पडतात. जंतूला तेवढी वाट पुरते. जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हा आजार होतो आणि सुमारे ५९ हजार दगावतात, असा २०१५ मधला अंदाज आहे. आपल्याकडे २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली तेव्हा शहराला हे नाव कळले. पण हा आजार मुळात भातशेतीच्या पाण्याचा आहे. कोकणपट्टीत पावसाळ्यात तो दरवर्षी डोके वर काढतो.

चिखलात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, कधी त्याआधी, कधी महिन्याभराने. थंडी वाजते, डोके ठणकते, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. आणि पोटऱ्या, मांड्या, कंबर विलक्षण दुखते. जंतूंमुळे स्नायूंनाच इजा होते, म्हणून पोटरीला नुसता हात लावला तरी माणूस कळवळतो. कामाने भरून आलेली पोटरी दाबली की आराम वाटतो, लेप्टोची दाबली की माणूस पाय ओढून घेतो. अर्थात निदान एवढ्यावर होत नाही, पण संशय घ्यायला हे पुरेसे आहे.

अडचण अशी की हे सगळे आवणीच्याच दिवसांत घडते. घरात चौघांच्या पोटऱ्या दुखत असतात. पाचवीची का दुखते, हे वेगळे कोण विचारणार? त्यात ताप ओळखण्याचा आपला बोलीतला घोळ आहे. आरोग्य केंद्रात डॉक्टर विचारतात, "मावशी, ताप किती दिवस?" मावशी म्हणतात, "ताप नाय ओ, नुसती कसकस हाय. अंग मोडून आलंय." कसकस हाच ताप असतो. कपाळाला हात लावून केलेला अंदाज चुकतो. थर्मामीटर काखेत धरून बघितल्याशिवाय पोटरी चेपायला घेऊ नये, असे माझे आवणीच्या महिन्यातले साधे सांगणे आहे. एका पाड्यावर आशाताईकडे एक थर्मामीटर असला तरी भागते.

पारा १००च्या वर असेल, दुखणे पोटऱ्या-कंबरेत असेल आणि गेल्या महिन्याभरात पाय चिखलात गेले असतील, तर रोलर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. तिथे गेल्यावर 'अंग दुखते' एवढेच सांगू नका, 'आवणी करत होते' हेही सांगा. त्या दोन शब्दांनी डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते. सुरुवातीच्या दिवसांत लेप्टोला डॉक्सिसायक्लीनसारखे साधे, स्वस्त औषध लागू पडते आणि ते सरकारी केंद्रात मिळते. आठवड्याने, डोळे पिवळे झाल्यावर, लघवी कमी झाल्यावर किंवा खोकल्यातून रक्त पडल्यावर माणूस पोहोचला तर डायलिसिसची, कृत्रिम श्वासाची गरज पडू शकते. मग शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय हा पहिला थांबा ठरतो आणि तिथून पुढे कल्याण, उल्हासनगर, ठाणे.

दुकानातून घेतलेल्या दुखण्याच्या गोळीचाही इथे धोका आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि लेप्टो नेमका मूत्रपिंडालाच धरतो. डेंग्यू असेल तर याच गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. पावसाळ्यातल्या तापात वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर. बाकी काही नको. चिखलात सतत काम करणाऱ्यांना आरोग्य विभाग डॉक्सिसायक्लीनच्या प्रतिबंधक गोळ्या देतो. त्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात, पण गर्भवती आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. म्हणून शेजारणीच्या पुडीतली गोळी न घेता विचारूनच घ्यावी.

पोटरीबद्दल आणखी एक. दोन्ही पाय दुखणे वेगळे आणि एकच पोटरी सुजून टणक, गरम होणे वेगळे. सिझेरियननंतर, पायाला प्लास्टर असताना, मोठ्या आजारात अंथरुणावर पडून राहिल्यावर पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती चेपली तर सुटून फुप्फुसात जाऊन बसण्याचा धोका असतो. बाळंतिणीचे अंग रगडण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण रगडणाऱ्या बाईने आधी दोन्ही पोटऱ्या डोळ्यांनी ताडून पाहाव्यात. एक जाड दिसली तर हात लावू नये.

पोटाला हात लावण्याआधी

पावसाळ्यात पहाटे अचानक पोट दुखू लागले, असे सांगत माणूस उठतो. घरचे म्हणतात, वातूळ खाल्ले असेल. कोणी बेंबीभोवती दाबते, कोणी पायाच्या नडगीवरचा पोटाचा बिंदू शोधते. थोड्या वेळाने त्याला गिळता येत नाही, बोलणे जड होते, पापण्या मिटू लागतात. हा मण्यारीचा दंश असू शकतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की बहुतेकदा खूण दिसत नाही, सूज येत नाही, माणूस जागाही होत नाही. पोटदुखी हेच पहिले लक्षण ठरते. महाडला ग्रामीण रुग्णांत विंचूदंशावर मोठे काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी सर्पदंशाच्या अशा रुग्णांविषयीही वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिले आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या जड झाल्या, तर एकही बिंदू न दाबता १०८ला फोन करावा, आणि 'साप चावला असेल' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. श्वासाचे स्नायू थांबण्याआधी प्रतिविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. चावल्याची खूण दिसत असेल तर त्या हातापायाला दाबणे, चोळणे, करकचून बांधणे, चिरा देणे यातले काहीही करू नये. हलवू न देता, झोपवून न्यावे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त प्रतिबंध.

दुसरी पोटदुखी 'बेंबी सरकल्या'ची. दुखणे बेंबीपाशी सुरू होते म्हणून पोट चोळले जाते, अंगठे ओढले जातात. पण अपेंडिक्सचे दुखणेही बेंबीपाशीच सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. 'सरकली' म्हणणारी आजी निरीक्षणात चूक नसते, चूक अर्थात असते. चोळण्याच्या नादात दिवस गेला तर सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते. पोटदुखी सरकली, सोबत उलटी किंवा ताप आला, चालताना हिसका बसला की पोटाला हात नाही.

गर्भवतीचे पोट तर कोणीच दाबू नये. अडलेल्या बाळंतपणात वरून जोर देऊन बाळ ढकलण्याची रीत अजून ऐकू येते. त्याने गर्भाशय फाटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शिकेतही असा दाब देऊ नये असे म्हटले आहे. अ‍ॅक्युप्रेशरच्या परंपरेतही गरोदरपणात वर्ज्य बिंदू आहेत: अंगठा आणि तर्जनी यांमधला, घोट्याच्या आतून चार बोटे वरचा आणि खांद्याच्या माथ्यावरचा. त्यांनी कळा सुरू होतात याचा पुरावा तोकडा आहे. पण ते दाबून मिळवायचे तरी काय? सकाळच्या मळमळीला मनगटाचा बिंदू चालेल. घोटभर पाणीही पोटात राहत नसेल, तर मात्र सलाईन लागते.

छातीचे दुखणे मी मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण त्यात 'पण' नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम; बायकांत आणि मधुमेहींत कधी नुसता दम आणि वरच्या पोटात 'गॅस'. करंगळी दाबायची नाही, ईसीजी काढायचा. तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोबडी वळली, तर बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पुसून टाका. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. कसारा-डोळखांब किंवा टोकावड्याकडून निघालेल्या गाडीचा वेळ त्यातून वजा करा, म्हणजे टोचत बसायला किती मिनिटे उरतात ते कळेल.

मधुमेह्यांनी खड्यांच्या चपला आणि काटेरी पाट वापरू नयेत. साखरेने तळपायाची संवेदना गेलेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. 'मला तर काहीच टोचत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसाचे पाय आधी तपासायला हवेत. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी कोणत्याही बिंदूच्या भरवशावर बंद करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, फुगलेल्या निळ्या शिरांचे पाय, जखम, ताजी सूज, मोडल्याचा संशय असलेले हाड, इथेही दाब नको. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते तिथे दाबू नये, आणि मान कोणाकडूनही कडकन मोडून घेऊ नये.

लहान मुलांबद्दल एक सांगायचे राहिले. हाडे, सांधे, हातपाय वारंवार दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलाला आया रात्र रात्र चेपत बसतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्या आजारात कोयत्यासारख्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. उबेने, हलक्या हाताने थोडा आराम पडतो, तो द्यावा. पण अशा मुलाची एकदा रक्ततपासणी झालीच पाहिजे. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी साधी असते आणि सरकारी केंद्रांत फुकट होते. निदान झाले की फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी आणि हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे यांनी कळा कमी करता येतात.

राहता राहिला दाबणाऱ्याचा अंगठा. घरात सगळ्यांची कंबर चेपणारी बहुधा एकच सून किंवा आजी असते आणि हंगाम संपेपर्यंत तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ धरते. अंगठा वाकवून टोकाने दाबू नये. तो सरळ ठेवावा, त्यामागे मुठीचा आधार द्यावा आणि जोर हाताने न देता अंगाच्या वजनाने द्यावा. पाठीसारख्या मोठ्या स्नायूंना कोपराचा किंवा तळहाताच्या टाचेचा दाब पुरतो. तिचा स्वतःचा अंगठा सुजला असेल, तर दोन आठवडे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी चेपायला बसावे.